शोकांतिकेतला नायक नेमका कुठे चुकतो?

सोलापुरात नाट्यशिबिर घेताना मुलांना इडिपस राजाची गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. अलीकडे तो पूर्व भागातून येणाऱ्या एका मुलीने विचारला. "पण यात त्याची चूक काय वो सर? ज्याला मारलं तो आपला बाप आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आईशी लग्न केलं तेही तसंच. मग एवढी शिक्षा कशाची?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "नशीब."

प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं तयार उत्तर परीक्षेच्या गाइडमध्ये मिळतं. इडिपसचा अहंकार, ऑथेल्लोचा संशय, मॅकबेथची महत्त्वाकांक्षा, हॅम्लेटची दिरंगाई. जोड्या लावा, गुण मिळवा. या उत्तराने नाटकाचं फार नुकसान होतं असं मला वाटतं, कारण मग प्रत्येक शोकांतिका म्हणजे एका दुर्गुणाची बोधकथा होऊन बसते. अहंकारी माणसं गल्लोगल्ली आहेत, संशयी नवरेही आहेत. त्यांच्यावर कोणी अजरामर नाटकं लिहिली नाहीत. नायकाचा दुर्गुण शोधायचं सोडून त्याचा निर्णय शोधला, तर गोष्ट उलगडायला लागते. कोणत्या क्षणी, हातात कोणती माहिती असताना, त्याने काय ठरवलं? आणि समोर असलेली कोणती गोष्ट त्याने तोलून पाहिली नाही?

हा विचार माझा नाही. त्याची सुरुवात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलपर्यंत मागे जाते. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात लिहिलेल्या 'पोएटिक्स' या छोट्याशा ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात तो विचारतो की कोणाचं पतन पाहिल्यावर प्रेक्षकाला करुणा आणि भीती दोन्ही वाटतील? अतिशय सज्जन माणूस विनाकारण धुळीला मिळाला तर करुणा वाटण्याआधी चीड येते. दुष्ट माणूस खाली आला तर आपल्याला बरंच वाटतं. उरतो तो या दोघांच्या मधला. मानमरातब असलेला, चांगल्या स्थितीतला, देवमाणूस नव्हे पण वाईटही नव्हे. आणि त्याचं पतन होतं ते दुष्टपणामुळे नाही, तर एका मोठ्या चुकीमुळे. त्या चुकीला ॲरिस्टॉटल 'हमार्शिया' म्हणतो आणि अशा माणसाचं उदाहरण म्हणून पहिलं नाव इडिपसचंच घेतो.

ॲरिस्टॉटलने यावर फार थोड्या ओळी खर्च केल्यामुळे पुढे अभ्यासकांत दोन तट पडले. ही स्वभावातली खोट आहे असं एकांचं म्हणणं. वस्तुस्थिती नीट न कळल्यामुळे हातून घडलेली कृती, असं दुसऱ्यांचं. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, फक्त एक भर घालावीशी वाटते. चूक निर्णयाची असते हे खरं, पण तो निर्णय त्याच माणसाला सुचावा असा असतो. दुसऱ्या कोणाला त्या जागी उभं केलं तर नाटक घडणारच नाही.

आता इडिपसकडे. ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं हे नाटक इसवी सनपूर्व पाचव्या शतकातलं. इडिपसच्या आयुष्यातला पहिला चुकीचा निर्णय रंगमंचावर घडत नाही. तो नाटकाच्या मध्यावर, बायकोशी बोलताना, ती जुनी हकिगत सांगतो. कॉरिंथचा राजा पॉलिबस आणि राणी मेरोपी यांचा मुलगा म्हणून तो वाढला. एका मेजवानीत एक प्यालेला माणूस त्याला म्हणाला की तू या बापाचा खरा मुलगा नाहीस. आईवडिलांनी त्या माणसाला फैलावर घेतलं, पण इडिपसच्या मनातला सल गेला नाही. तो कोणाला न सांगता डेल्फीच्या देवळात कौल लावायला गेला. तिथे त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंच नाही. देवाने भलतंच सांगितलं की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. इडिपस हादरला. पुन्हा कॉरिंथचं तोंड बघायचं नाही असं ठरवून तो तिथूनच दुसऱ्या दिशेला निघाला.

इथे जरा थांबून पाहायला हवं. तो विचारायला गेला होता की माझे आईवडील कोण. उत्तर मिळालं नाही. आणि निघताना मात्र तो असा निघाला की जणू उत्तर मिळालं आहे आणि ते पॉलिबस आणि मेरोपी हेच आहे. ज्या शंकेपायी घर सोडलं ती शंकाच भीतीच्या भरात गळून पडली. त्याच्या जागी एखादा सावध माणूस असता तर त्याने मनाशी दोन गोष्टी पक्क्या केल्या असत्या. बापाच्या वयाच्या कुठल्याही पुरुषावर हात उचलायचा नाही, आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईशी लग्न करायचं नाही. इडिपसने या दोन्ही गोष्टी केल्या, त्यातली पहिली तर त्याच प्रवासात. तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावर रथातून येणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या माणसांनी त्याला वाटेतून ढकललं, म्हाताऱ्याने डोक्यात फटका मारला, आणि याने त्या सगळ्यांना ठार केलं. निदान त्याला तसं वाटलं. एक जण निसटला होता.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं की त्याला माहीत नव्हतं हे खरं, पण आपल्याला माहीत नाही हे त्याला माहीत होतं. ते तो विसरला.

आणि तरीही त्याला दोष द्यायला जीभ रेटत नाही, यातच सोफोक्लीजची ताकद आहे. त्या जमान्यात, एकट्या वाटसरूवर हल्ला झाल्यावर त्याने उलट वार केला तर त्यात वावगं काय? थीब्ज शहराच्या वेशीवर त्याने स्फिंक्स या राक्षसिणीचं कोडं सोडवलं, शहर वाचवलं, लोकांनी कृतज्ञतेने सिंहासन दिलं आणि विधवा राणी योकास्टाशी लग्न लावून दिलं. यातल्या कोणत्या पायरीवर तुम्ही-आम्ही वेगळं वागलो असतो? प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समंजस दिसतो.

नाटक सुरू होतं तेव्हा हे सगळं होऊन बरीच वर्षं उलटली आहेत. शहरात रोगराई आहे. लोक राजाच्या दाराशी जमले आहेत. राणीचा भाऊ क्रिऑन डेल्फीहून निरोप घेऊन येतो आणि विचारतो की इथेच सांगू, की आत जाऊन बोलायचं? इडिपस म्हणतो, सगळ्यांसमोर सांग. हा चांगल्या राजाचा निर्णय आहे. आपल्याकडे असा पारदर्शी कारभार करणारा कोणी भेटला तर आपण त्याला डोक्यावर घेऊ. पण याच निर्णयामुळे पुढचं प्रत्येक सत्य चारचौघांत बाहेर येणार आहे आणि परतीची वाट बंद होणार आहे. आधीच्या राजाचा, लायसचा, खुनी शहरात आहे; त्याला हाकला म्हणजे रोग जाईल, असा तो निरोप. इडिपस लगेच खुन्याला जाहीर शाप देतो, आणि तो माझ्याच घरात माझ्या माहितीने राहत असेल तर हाच शाप मला लागो, असंही म्हणतो.

पुढच्या प्रवेशात आंधळा द्रष्टा टायरेसिअस येतो. मला घरी जाऊ दे, बोलायला लावू नकोस, अशी विनवणी करतो. इडिपस त्याला छेडतो, डिवचतो, शेवटी खुनात सामील असल्याचा आरोप करतो. तेव्हा म्हातारा सांगून टाकतो की तू शोधतोयस तो खुनी तूच आहेस. आता हातात काय आहे? आजवर ज्याच्या शब्दावर शहराचा विश्वास आहे अशा माणसाने केलेला एक भयंकर आरोप. इडिपस त्याचा विचार किती वेळ करतो? जवळजवळ नाहीच. त्याच्या बुद्धीला क्षणात दुसरं उत्तर दिसतं. टायरेसिअसला मी बोलवावं हे क्रिऑनने सुचवलं, मी गेलो तर सत्ता क्रिऑनला मिळेल, म्हणजे हा दोघांचा कट. तुकडे किती झटकन जुळतात! कोडं सोडवणाऱ्या माणसाला उत्तर सापडल्याचा आनंद असतो, आणि तो आनंदच त्याला फसवतो. ज्या वेगाने त्याने स्फिंक्सला हरवलं त्याच वेगाने तो एका निरपराध मेहुण्याला मरणाच्या दारात उभा करतो.

त्या मुलीच्या घरी चादरींचं काम चालतं, म्हणून तिला मी जकार्ड मागाचं उदाहरण दिलं. चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांना पाडलेल्या भोकांतून उतरते. धागा तुटला तर दोष एकाच जागी दिसतो, गाठ मारली की काम पुढे चालू. पण कार्डातलंच एखादं भोक चुकीच्या जागी पडलं, तर नक्षी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा दोष येतो, आणि तो नक्षीपासून वेगळा काढता येत नाही, कारण नक्षीही भोकांचीच बनलेली आहे. नायकाची चूक ही या जातीची असते. तिठ्यावर, दरबारात, टायरेसिअससमोर, क्रिऑनसमोर इडिपस वेगवेगळ्या चुका करत नाही. झटकन ओळखायचं, लगेच कृती करायची, हीच एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा करतो, आणि त्याचं मोठेपणही त्याच गोष्टीतून आलेलं आहे.

योकास्टाचा प्रवेश मला या नाटकातला सर्वांत क्रूर वाटतो, कारण ती त्याला धीर द्यायला येते. भविष्य वगैरे खोटं असतं हे पटवण्यासाठी ती सांगते की लायसला त्याच्या मुलाच्या हातून मरण येणार होतं म्हणे, पण मुलगा तर तान्हा असतानाच पाय टोचून डोंगरावर टाकून दिला होता, आणि लायसला मारलं ते चोरांनी, तीन रस्ते मिळतात तिथे. हे शेवटचे शब्द तिने सहज म्हटलेले असतात. इडिपस तिथेच अडकतो. आता एकच आशा उरते. निसटलेल्या साक्षीदाराने चोर पुष्कळ होते असं सांगितलं होतं, आणि इडिपस तर एकटा होता. त्या साक्षीदाराला, आता मेंढपाळ झालेल्या त्या माणसाला, बोलावणं जातं. तो येईपर्यंत कॉरिंथचा दूत येऊन पोचतो आणि आनंदाची बातमी म्हणून सांगतो की पॉलिबस वारला, आणि तसंही तो तुझा खरा बाप नव्हता. शेवटी मेंढपाळ येतो, तेव्हा चोर एक होता की अनेक, हा प्रश्न त्याला कोणी विचारतच नाही. तोवर चौकशी लायसच्या खुनावरून इडिपसच्या जन्मावर सरकलेली असते. ज्या एका धाग्यावर सगळी आशा लटकत होती तो तपासायचाच राहून जातो. सोफोक्लीजने हे मुद्दाम केलं असं मी मानतो. भरधाव निघालेल्या मनाला आपण मुळात काय विचारायला निघालो होतो याचं भान राहत नाही. डेल्फीला झालं तेच इथे पुन्हा झालं.

योकास्टाला त्याच्या आधीच सगळं उमगलेलं असतं. ती त्याला थांबवते, जिवाच्या आकांताने विनवते. तो काय समजतो? मी हलक्या कुळातला निघेन याची हिला लाज वाटतेय. सत्याच्या एक पाऊल अलीकडे उभं राहूनही तो चुकीचाच अर्थ लावतो. मग मेंढपाळ सांगतो की डोंगरावर टाकायला दिलेलं ते मूल तूच, योकास्टा गळफास घेते, आणि तो तिच्याच वस्त्रावरच्या टाचण्यांनी आपले डोळे फोडून घेतो.

नशिबाचा मुद्दा आता नीट पाहता येतो. भविष्यवाणीने काय घडेल ते सांगितलं होतं. ते कधी उघडकीला येईल, कोणासमोर येईल, कोण उघड करेल, त्यानंतर डोळ्यांचं काय होईल, यातलं काहीच तिने सांगितलं नव्हतं. रंगमंचावर आपण पाहतो तो सगळा भाग इडिपसने स्वतः घडवलेला आहे. आपल्या 'शाकुंतला'शी तुलना केली तर फरक लख्ख दिसतो. दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही, भर दरबारात नाकारतो. पण कालिदासाने दुर्वासाच्या शापाची योजना करून राजाच्या माथ्यावरचा दोष उतरवला आहे. अंगठी मिळते, स्मृती परत येते, शेवटी भेट होते. ग्रीक नाटककार नायकाला अशी सवलत देत नाही. दैव आहेच, पण सही नायकाचीच आहे.

क्रिऑनचं उदाहरण याहून सोपं, आणि नवख्या वाचकाने खरं तर इथूनच सुरुवात करावी. सोफोक्लीजच्याच 'अँटिगनी'त तो थीब्जचा राजा झालेला आहे. शहरावर चाल करून आलेल्या पॉलिनायसीजचं प्रेत उघड्यावर टाका, जो पुरेल त्याला मृत्युदंड, असा त्याचा हुकूम. अँटिगनी आपल्या या भावाला मूठमाती देते, पकडली जाते, आणि तिला गुहेत जिवंत कोंडायची शिक्षा होते. क्रिऑनचा मुलगा हेमॉन, अँटिगनीचा होणारा नवरा, वडिलांना फार सबुरीने समजावतो. पुराच्या पाण्यात वाकणारी झाडं वाचतात, ताठ उभी राहणारी मुळासकट जातात. क्रिऑनचं उत्तर आपल्याकडच्या कुठल्याही घरात ऐकू येईल असं आहे. या वयात आता मी या पोराकडून अक्कल शिकायची का?

लोक बहुतेकदा इथेच थांबतात आणि 'हट्ट' असं लिहून मोकळे होतात. पण क्रिऑन शेवटपर्यंत हट्टी राहत नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते पुढेच आहे. टायरेसिअसचा इशारा ऐकून तो हलतो. शहरातल्या वृद्धांना विचारतो, काय करू? ते स्पष्ट सांगतात: त्या मुलीला गुहेतून सोडव, आणि प्रेताचं दफन कर. तो कबूल होतो, स्वतः धावत निघतो. मात्र क्रम उलटा करतो. आधी प्रेताकडे जातो. विधिपूर्वक स्नान घालतो, उरलेलं शरीर जाळतो, वर उंच मातीचा ढीग रचतो. मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हेमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, आणि तीच तलवार तो स्वतःच्या अंगात खुपसतो. हे ऐकून घरी राणी युरिडिसी जीव देते.

जिवंत मुलगी आधी की मेलेलं शरीर आधी? आपल्याला प्रश्नच पडणार नाही. पण क्रिऑनला देवांचा कोप टाळायचा होता, राज्य वाचवायचं होतं. मुलगी त्याच्या हिशेबात दुसरी होती. पश्चात्ताप झाल्यावरसुद्धा त्याचं मन आधीच्याच वाटेने चाललं. चूक कळणं आणि निर्णय सुधारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या थोडक्यात दाखवणारं दुसरं नाटक मला माहीत नाही.

शेक्सपिअरच्या ऑथेल्लोबद्दल फार लिहीत नाही, एकच जागा दाखवतो. बायकोचा, डेस्डिमोनाचा, रुमाल हाताखालच्या कॅसिओकडे दिसला, हा त्याच्या लेखी तिच्या बेइमानीचा पुरावा. हा रुमाल तिच्याकडून हरवला कसा? ऑथेल्लोचं डोकं दुखत होतं, ती तो त्याच्या कपाळाला बांधायला गेली, हा फार लहान आहे म्हणून त्यानेच तो झिडकारला, आणि रुमाल दोघांच्या डोळ्यांदेखत खाली पडला. डेस्डिमोनाची सखी एमिलिया हिने तो उचलून आपल्या नवऱ्याला, ऑथेल्लोच्या मनात संशय भरवणाऱ्या इयागोला, दिला. म्हणजे पुराव्याचा उगम ऑथेल्लोच्याच हातात होता. तो सेनापती आहे, पुरावा मागतो, नुसत्या कुजबुजीवर विश्वास ठेवत नाही. पण पुरावा आणून देणाराच आरोप करणारा आहे, हे तो पाहत नाही. रणांगणावर ज्याच्या शब्दावर जीव टाकला त्या सहकाऱ्याचा शब्द घरातही खरा धरणं, ही शिपायाची सवय होती. मराठी रंगभूमीला ही गोष्ट जुनी ओळखीची आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी 1890 मध्ये 'झुंझारराव' या नावाने ती आपल्या मातीत आणली.

शेक्सपिअरचाच मॅकबेथ मात्र या चौकटीत नीट बसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याला काय वाईट आहे हे पुरतं कळतं. पाहुणा, राजा, नातेवाईक असलेल्या डंकनला मारू नये याची कारणं तो स्वतःच मोजतो, आणि हे प्रकरण इथेच थांबवू असं बायकोला सांगतोही. मग तिने पुरुषार्थावर बोट ठेवलं की फिरतो. त्याचा अंदाज चुकतो तो एवढाच की एका वाराने काम संपेल. संपत नाही; पहिला खून पचवायला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. ॲरिस्टॉटलच्या मापाने हा नायक दुष्टपणाच्या बाजूला झुकतो, आणि तरी आपण त्याच्यासाठी हळहळतो. चौकटी समजण्यासाठी असतात, नाटकं त्यांत कोंबण्यासाठी नव्हेत.

शेक्सपिअरच्या लिअर राजाकडे मात्र मराठी माणसाने थांबायलाच हवं. म्हातारा राजा राज्याचे तीन भाग करतो आणि मुलींना विचारतो, तुमच्यात माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कोणाचं? थोरल्या दोघी तोंड भरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, सांगण्यासारखं काही नाही. तो तिला हाकलून देतो, तिची बाजू घेणाऱ्या केंट या सरदारालाही. लिअर तापट आहे हे सगळे सांगतात. मला त्याचा प्रश्नच चुकलेला वाटतो. ज्याला बक्षीस लावलं आहे अशा प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही. शिवाय दुसरी चूक आहे, आणि ती पहिलीइतकीच मोठी. सत्ता द्यायची, पण राजेपणाचा मान आणि शंभर सरदारांचा लवाजमा ठेवायचा. देणं आणि धरून ठेवणं तो एकाच वेळी करू पाहतो. थोरल्या मुली तो लवाजमा पन्नासवर, पंचवीसवर, मग एकही कशाला हवा इथपर्यंत आणतात, तेव्हा त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि म्हणून मागण्याचा अधिकारही.

शेवटी कॉर्डेलिया आणि लिअर दोघंही मरतात, आणि हा शेवट लोकांना इतका सोसेना की नेहम टेट नावाच्या लेखकाने 1681 मध्ये तो बदलून टाकला. कॉर्डेलिया जगते, एडगर या सरदारपुत्राशी तिचं लग्न होतं, लिअरला राज्य परत मिळतं. इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षं हेच रूप चाललं. मला त्या प्रेक्षकांचा राग येत नाही. चुकीच्या मानाने किंमत केवढी जबर मोजावी लागते, हे पाहवत नाही, आणि ॲरिस्टॉटल जिला भीती म्हणतो ती हीच.

लिअरशी नातं सांगणारं वि. वा. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' 1970 मध्ये रंगभूमीवर आलं आणि डॉ. श्रीराम लागूंनी त्यातले म्हातारे नट गणपतराव बेलवलकर उभे केले. आजही 'नटसम्राट'चा विषय निघाला की सोलापुरातल्या चहाच्या टपरीवर चर्चा होते ती मुलांच्या कृतघ्नपणाची. किती नालायक पोरं, जन्म दिला त्याची ही परतफेड. हा राग खरा आहे. पण मुलांना खलनायक केलं की गणपतराव निव्वळ बिचारे उरतात, आणि ते बिचारे नाहीत. आपल्याजवळचं सगळं मुलांना देऊन टाकण्याचा निर्णय त्यांचा आहे, आणि तो त्यांनी ज्या दिलदारपणे घेतला तो रंगभूमीवरच्या राजाचा दिलदारपणा आहे. चाळीसेक वर्षं ज्याने टाळ्या घेतल्या त्याला समोरच्याचं प्रेम गृहीत धरायची सवय लागते. घर म्हणजे प्रेक्षागृह नाही, तिथे रोज सकाळी उठून दुसऱ्याच्या सोयीने वागावं लागतं, हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. आयुष्यभर शेक्सपिअरचे नायक जगलेला नट त्यांच्यातलाच एक होतो, आणि ज्या मोठ्या मनामुळे आपण त्याच्यावर जीव टाकतो तेच मन त्याला रस्त्यावर आणतं. हे दिसलं की नाटक अधिक दुखतं.

राम गणेश गडकऱ्यांचं 1919 मधलं 'एकच प्याला' दारूबंदीचं नाटक म्हणून ओळखलं जातं. त्याकडेही निर्णयाच्या बाजूने पाहा. सुधाकर व्यसनी स्वभावाचा माणूस नाही. तो बुद्धिमान, मानी वकील आहे, आणि कोर्टात झालेला अपमान त्याला सहन होत नाही. तळीराम पेला पुढे करतो तो विसरण्याचं औषध म्हणून. मानी माणसाला अपमान गिळता येत नाही, म्हणून तो दारू गिळतो. सगळी चूक शीर्षकातल्या 'एकच' या हिशेबात आहे, आणि सुधाकरसारखा हुशार माणूस तो हिशेब बिनदिक्कत मान्य करतो, कारण आपल्या मनावर आपला ताबा आहे याची त्याला आजवर खात्री पटत आलेली आहे. कच्च्या मनाचा माणूस कदाचित घाबरून पेल्याला हात लावता ना.

या सगळ्यांत एक व्यक्ती मात्र प्रत्येक नाटकात सापडते: वेळेवर सांगणारी. टायरेसिअस, हेमॉन, केंट, एमिलिया, 'एकच प्याला'तला सुधाकरचा मित्र रामलाल. नाटककार तिला मुद्दाम ठेवतो, कारण त्यामुळे एक पळवाट बंद होते. नायकाला कोणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणता येत नाही. सांगितलं होतं. स्पष्ट, वेळेत, आणि त्याच्यावर प्रेम असलेल्या किंवा कुठलाही स्वार्थ नसलेल्या माणसाने. मग ते पोचलं का नाही? बहुतेक वेळा उत्तर असं येतं की सांगणारा तरुण होता, किंवा बाई होती, किंवा हाताखालचा होता, किंवा आंधळा होता. काय सांगितलं जातंय ते तपासायच्या ऐवजी नायकाने कोण सांगतंय ते तपासलं.

आणि मग कळण्याचा क्षण येतो. ॲरिस्टॉटलच्या मते सर्वोत्तम शोकांतिकेत परिस्थिती उलटते आणि सत्य उमगतं ते एकाच वेळी, आणि तिथेही त्याचा दाखला इडिपसचाच आहे. कॉरिंथचा दूत चांगली बातमी म्हणून जे सांगतो त्यानेच घात होतो. हा क्षण नसेल तर उरतो नुसता अपघात. पूल कोसळून माणूस मेला तर ते दुःख आहे; पण तो पूल मीच मंजूर केला होता हे ज्याला पाण्यात पडताना कळतं, त्याचं दुःख वेगळ्या जातीचं असतं.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी यातलं काही बसवायला घेणाऱ्या तरुण मंडळींना माझी एक विनंती आहे. चुकीचा निर्णय घेण्याच्या जागी नायकाला चुकीचा दाखवू नका. भुवया चढवून, आवाज चढवून 'बघा, हा आता चुकतोय' असं प्रेक्षकाला कळवू नका. सगळ्यांसमोर सांग असं म्हणणारा इडिपस खरंच चांगला राजा दिसला पाहिजे. शहराशी द्रोह करणाऱ्याला मान मिळणार नाही असं बजावणारा क्रिऑन पहिल्या प्रवेशात पटला पाहिजे, इतका की हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्या माणसानेही मान डोलवावी. सुधाकर पहिला पेला उचलतो तेव्हा हात थरथरवू नका. त्या क्षणी तो स्वतःला पूर्ण सावध समजतो. आणि 'अँटिगनी' करणार असाल तर दूताचं निवेदन कापू नका. लांब आहे, त्यात हालचाल नाही, दिग्दर्शकाला ते जड वाटतं हे खरं. पण क्रिऑन आधी कुठे गेला आणि मग कुठे, हे फक्त त्यातच आहे.